गच्चीवरून गोंदूरला

२०२० च्या ऑगस्टमध्ये धुळ्याजवळच्या गोंदूर धावपट्टीवरून एक सहा आसनी विमान उडाले. ते कुठल्याही कारखान्यात तयार झालेले नव्हते. मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमध्ये, पाच मजली इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी ते बांधले होते.

गच्चीवर विमान बांधता येते, उडवता येत नाही. त्यातून ते पहिल्यांदाच उडणार असेल, तर भोवती दाट वस्ती नसलेले मोकळे आकाश हवे. ते खानदेशात मिळाले, हा निव्वळ योगायोग नव्हे.

सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये तापीचे खोरे सपाट पसरले आहे. पाऊस बेताचा, आणि तो सरला की महिनोन्‌महिने आभाळ निरभ्र. १९७० च्या दशकात सार्वजनिक बांधकाम विभागाने जळगावला आणि धुळ्याला धावपट्ट्या बांधल्या. प्रवासी विमाने तिकडे बराच काळ क्वचितच फिरकली; उडायला शिकणारे मात्र आले, आणि त्यांत मुंबईचा एक जुना क्लबही होता. १९२८ साली जुहूला सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्येच जेआरडी टाटा विमान चालवायला शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. पुढे शेजारच्या सांताक्रूझ विमानतळाची वर्दळ एवढी वाढली, की जुहूच्या आकाशात नवशिक्यांना घिरट्या घालायलाही जागा उरेना. व्यावसायिक परवान्यासाठी तर २०० तास उडावे लागते. क्लबने उड्डाणाचे प्रशिक्षण धुळ्याला नेले. शिरपूरजवळ तांड्यालाही वैमानिक घडू लागले.

यादव अमेरिकेत विमान चालवायला शिकले. तिथे घरी विमान बांधणे हा रुळलेला छंद आहे. मिलवॉकीत १९५३ साली अशा हौशी मंडळींची संघटनाच उभी राहिली. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केलेले असावे, तपासणी व्हावी, मग ठरावीक हद्दीत २५ किंवा ४० तास चाचणी उड्डाणे करावीत, असा तिथला सरळ रस्ता आहे. यादवांना इथे तो रस्ता मुळातच सापडला नाही. आधीची दोन विमाने आकाशात गेलीच नाहीत. तिसरे, टीएसी-००३, क्रेनने गच्चीवरून उतरवले गेले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडला, उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये आली. विमानाला व्हीटी-एनएमडी हा क्रमांक मिळाला. बांधणीइतकीच चिकाटी या कागदांसाठी लागली, आणि तीही तितकीच नोंदवून ठेवायला हवी.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, ही कथा मराठी घराघरांत सांगितली जाते. त्या उड्डाणाचा विश्वसनीय पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला तिच्यासोबत दिला जातो, त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले. गोंदूरच्या विमानाला मात्र नोंदणी क्रमांक आहे, परवाना आहे आणि धावपट्टीचे नावही आहे. मुलांना सांगायची गोष्ट ही आहे, आणि तिच्यात धुळ्याचे नाव चारकोपच्या बरोबरीने यायला हवे.