ठासणीची लाँग रायफल

संयुक्त सरावासाठी अमेरिकेत गेलो होतो. एका रविवारी यजमान तुकडीतल्या सार्जंटने घरी जेवायला बोलावलं आणि जेवणानंतर भिंतीवरची खापरपणजोबांची बंदूक माझ्या हातात दिली. नुसती नळीच 44 इंच! दस्ता जमिनीवर टेकवला तर तोंड माझ्या हनुवटीला.

ही पेनसिल्व्हेनियाची लाँग रायफल. अठराव्या शतकात लँकेस्टर भागात वसलेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी आपली आखूड, जाड शिकारी रायफल तिथल्या जंगलासाठी लांब आणि सडपातळ केली. गोळी लहान केली, म्हणजे शिसं आणि दारू कमी लागते. महिनोन्‌महिने रानात राहणाऱ्याला तेच परवडतं.

नळी कशी करत? लोखंडाची चपटी पट्टी लाल करून सळईभोवती गुंडाळत ठोकून सांधायची. मग आतून कोरायची आणि पीळ घेत मागेपुढे सरकणाऱ्या पात्याने एकेक खाच पुन्हा पुन्हा खरवडायची. सगळं हाताने. दस्ता वाघाच्या पट्ट्यांसारख्या रेषांच्या मेपलचा, त्यात पितळी झाकणाचा कप्पा. गोळी चरबी लावलेल्या कापडाच्या चकतीत ठेवून गजाने ठासायची, म्हणजे खाचा ती घट्ट धरतात. (चरबी म्हटल्यावर आपल्याला 1857 चं बराकपूर आठवणारच. ती एनफील्डही ठासणीचीच.)

आमच्या रायफलचा पार्ट मोडला की स्टोअरमधून दुसरा आणून बसवतो. हिच्या गोळीचा साचासुद्धा हिच्यापुरताच. भरायला वेळ लागतो, संगीन बसत नाही, म्हणून लढाईच्या रांगेत मस्केटच टिकली.

मी चापाजवळ निरखून पाहिलं. लोखंडी पट्टीवर बुजवलेली दोन भोकं होती. म्हणजे मूळची चकमकीची! स्कॉटलंडच्या फोर्सिथ नावाच्या पाद्र्याने 1807 मध्ये ठोक्याने पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं, त्यातून पुढे तांब्याची टोपी आली. मग गावोगावच्या कारागिरांनी जुन्या बंदुकांचा रंजकाचा पेला काढला, कानात टोपीची नळी आटे पाडून बसवली. पावसातही बार उडू लागला.

सार्जंट म्हणाला, "दलाल म्हणतो, परत चकमक बसव, किंमत वाढेल. तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, ती भोकं तुझ्याच घरातल्या कुणीतरी बुजवून घेतली असतील. राहू दे.

त्याने बंदूक खुंट्यांवर ठेवली. दलालाला अजून काही कळवलेलं नाही म्हणाला.