परसबाग (बीड जिल्हा)

परसबाग (बीड जिल्हा) : घरालगतच्या मोकळ्या जागेत कुटुंबाच्या खाण्यापुरता भाजीपाला पिकविण्याची पद्धत. बीड जिल्हा पर्जन्यछायेत मोडतो; वार्षिक सरासरी पाऊस सुमारे ६६६ मिमी., तोही लहरी. त्यामुळे येथील परसबाग मुख्यतः सांडपाण्यावर जगते. न्हाणीचे पाणी अळूकडे वळवतात. दोडका, कारले, वाल यांचे वेल कुडावर किंवा छपरावर चढवतात. कच्च्या भाजणीचे मडके आळ्यात पुरून भरून ठेवले, की पाणी थेट मुळांपाशी झिरपते. ओल टिकावी म्हणून उसाचे पाचट पसरतात, मावा दिसला की राख धुरळतात. सर्वांत भरवशाचा शेवगा: एकदा रुजला की कमी पाण्यावर तग धरतो, आणि त्याचा पालाही भाजीला चालतो.

जिल्ह्यातील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात लावलेली भाजी त्यांना निघेपर्यंतच मिळते. पुढे बाग घरच्या म्हाताऱ्यांवर येते. उसाच्या फडाजवळच्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) राहणाऱ्या लेकरांच्या ताटात तोडणीच्या याच महिन्यांत हिरवी भाजी हवी असते, म्हणून परसबागेची कोणतीही योजना कोपीपर्यंत पोचणे अगत्याचे आहे. राज्यात ‘उमेद’ अभियानाने ‘माझी पोषण परसबाग’ मोहिमेद्वारे महिला बचत गटांमार्फत अशा बागांना चालना दिली.

कोपीसारख्या तात्पुरत्या वस्तीतही अशी बाग करता येते: अल्जीरियात तिंदूफजवळ १९७५ पासून आश्रयास आलेल्या सहरावी निर्वासितांच्या वाळवंटी छावण्यांतही कौटुंबिक भाजीवाफे करण्यात आले आहेत.