बुडत्यासाठी होडी लोटणारे

श्रोतेहो, वादळात सापडलेल्यांसाठी जो स्वखुशीने होडी लोटतो, त्याच्या घरच्यांचं काय? आयरिश समुद्रातील मॅन बेटावर राहणाऱ्या सर विल्यम हिलरी यांनी १८२३ साली ब्रिटिश जनतेला पत्रकातून विनविलं : होड्या हव्यात, तयारीची माणसं हवीत आणि त्यांतला कुणी बुडाला तर त्याच्या बायकामुलांची सोयही हवी! ४ मार्च १८२४ रोजी लंडनला यासाठी संस्था निघाली. आजही तिच्या होड्यांवर बहुतेक स्वयंसेवकच असतात.

हिलरी नुसतं पत्रक काढून बसले नाहीत बरं का! नोव्हेंबर १८३० मध्ये डग्लसच्या उपसागरात ‘सेंट जॉर्ज’ जहाज खडकावर आदळलं, तेव्हा ५९ वर्षांचे हिलरी स्वतः होडीत होते. लाटेनं त्यांना बाहेर फेकलं, बरगड्या मोडल्या. पण जहाजावरचे २२ जण सुखरूप किनाऱ्याला लागले.