त्रिकोण, वर्तुळ आणि मधली रेघ

मानवशास्त्राचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, पहिल्या काही प्रकरणांतच एक आकृती भेटते. पुरुषासाठी त्रिकोण, स्त्रीसाठी वर्तुळ. दोघांमध्ये बरोबरचं चिन्ह असलं की ते नवराबायको. तिथून खाली उतरणारी रेघ म्हणजे अपत्य, वरून जोडणारी आडवी रेघ म्हणजे भावंडं, चिन्हावर तिरपा छेद असला तर ती व्यक्ती हयात नाही. गावात मुक्काम ठोकलेला अभ्यासक अशा आकृत्यांनी वही भरतो आणि मग त्यांच्या आधारे जमीन कुणाकडे जाते, मुलगी कुठल्या घरी देतात, मयताला खांदा कोण देतं, वाटणीवरून कुणाचं बिनसतं हे सांगू लागतो. मानवशास्त्राला माणसांबद्दल जे काही खात्रीने सांगता येतं, त्यातलं बरंचसं या मोजक्या चिन्हांवर उभं आहे.

ही आकृती ज्या रीतीतून आली ती मात्र नातीगोती समजून घेण्यासाठी निघालेलीच नव्हती. ती निघाली डोळे तपासता तपासता. आणि जन्मापासूनच तिच्यात एक खोट होती. त्या खोटीपाशी ती जेव्हा जेव्हा अडली, तेव्हा तेव्हा तिने सगळ्यांत जास्त शिकवलं, असं मला तिची कुळकथा वाचताना वाटत आलं आहे.

आधी तिच्या आजोबांकडे जाऊ. लुइस हेन्री मॉर्गन हा न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा वकील. शेजारच्या इरोक्वॉय लोकांमध्ये त्याची ऊठबस होती, त्यांच्यावर त्याने 1851 मध्ये पुस्तकही लिहिलं होतं. या लोकांत वडिलांचा भाऊ हाही वडीलच आणि आईची बहीण हीही आईच. मामा आणि आत्या मात्र वेगळे. मॉर्गनला वाटलं, ही यांचीच खासियत असणार. 1858 मध्ये मिशिगनमधल्या मार्क्वेट गावी त्याला ओजिब्वे लोक भेटले. त्यांची भाषा पार निराळी, पण नात्यांची घडी तीच. तिथून त्याला या विषयाने झपाटलं. दोनशेहून अधिक नात्यांची छापील प्रश्नावली त्याने तयार केली आणि स्मिथसोनियन संस्थेच्या मदतीने ती जगभरच्या मिशनऱ्यांना आणि वकिलातींना धाडली. दक्षिण भारतात काम केलेल्या हेन्री स्कडर या मिशनऱ्याकडून तमिळ नाती हाती आली तेव्हा तो थक्क झाला, कारण इरोक्वॉय आणि तमिळ यांची घडी जवळजवळ जुळत होती. 1871 मध्ये हे सगळं एका जाडजूड ग्रंथात निघालं. त्यात हिंदी, बंगाली आणि गुजरातीबरोबर मराठीही आहे. त्या कामापायी तो 1862 मध्ये मिसुरी नदीच्या दूरच्या प्रवासात असताना घरी त्याच्या दोन्ही मुली तापाने गेल्या. त्या ग्रंथातले रूक्ष तक्ते चाळताना हे माझ्या मनातून जात नाही.

मॉर्गनने काढलेला निष्कर्ष टिकला नाही. अमेरिकेतले मूळ रहिवासी आशियातून आले याचा हा पुरावा, असं त्याला वाटलं. ते आशियातून आले हे खरंच, पण नात्यांच्या शब्दांवरून ते सिद्ध होत नाही. अशी घडी एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या समाजांत पुन्हा पुन्हा उभी राहते. शिवाय प्रश्नावलीतच अडचण होती. वडिलांच्या वडिलांच्या बहिणीच्या मुलाच्या मुलीला काय म्हणता, असं कुणाला विचारून पाहा. समोरचा बोटं मोजत बसतो आणि शेवटी काहीतरी सांगून मोकळा होतो.

ही गाठ सुटली ती 1898 मध्ये, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीत. केंब्रिजहून आल्फ्रेड हॅडन यांनी तिथे एक मोहीम नेली होती. तिच्यात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाचे डॉक्टर होते. केंब्रिजमध्ये ते ज्ञानेंद्रियांचं शास्त्र शिकवत, आणि नात्यागोत्यांत त्यांना तोवर फारसं स्वारस्य नव्हतं. या बेटांवरच्या लोकांची नजर कमालीची तीक्ष्ण असते, अशी युरोपात समजूत होती आणि रिव्हर्सना ती तपासायची होती. त्यांनी सोबत इंग्रजी ‘ई’ अक्षर उलटसुलट छापलेला तक्ता नेला होता, रंगज्ञान तपासायला रंगीत लोकरीच्या लडी नेल्या होत्या. लांबवरचं गलबत बेटावरच्या माणसाला आधी दिसतं, यात डोळ्यापेक्षा सरावाचा भाग मोठा आहे, असं त्यांच्या ध्यानात आलं. पण आणखी एक प्रश्न उरत होता. नजर बापाकडून मुलाकडे येते का? ते कळायचं तर तपासलेल्यांपैकी कोण कुणाचा कोण, हे आधी माहीत हवं.

म्हणून त्यांनी मरे बेटावर, म्हणजे तिथल्या लोकांच्या मेरवर, वंशावळी लिहून घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी त्यांनी बसवलेली पद्धत इतकी साधी आहे की तिचं मोल पटकन लक्षात येत नाही. विचारताना फक्त पाच शब्द वापरायचे: आई, बाप, मूल, नवरा, बायको. भाऊ नाही, काका नाही, मामा तर नाहीच, कारण हे शब्द कुठे किती ताणले जातात ते परक्याला कळत नाही. समोर बसलेल्याला विचारायचं, तुझ्या आईचं नाव काय? जिच्या पोटी जन्मलास तीच ना? तिला आणखी मुलं कोण कोण, थोरलं कोण, धाकटं कोण? त्यांची लग्नं कुणाशी झाली, ती माणसं कुठल्या गावची? मग आईची आई, तिचा नवरा, त्यांची मुलं. असं वर चढत आणि खाली उतरत कागद नावांनी भरला, की मगच खरा प्रश्न. एकेका नावावर बोट ठेवून विचारायचं, याला तू काय म्हणतोस? आणि तो तुला काय म्हणतो?

मॉर्गनच्या प्रश्नावलीत माणूस जिथे गोंधळत होता तिथे इथे तो गोंधळत नाही. त्याच्यापुढे ‘वडिलांच्या वडिलांच्या बहिणीचा मुलगा’ नसतो, ओळखीचं एक माणूस असतं. त्याच्या घरी तो जेवलेला असतो, त्याच्या होडीत बसलेला असतो. त्याला काय म्हणायचं हे सांगायला क्षणाचाही विचार लागत नाही. त्या कागदावरून पुढे काहीही विचारता येतं. ही बाग कुणाकडून कुणाकडे आली? यांचं लग्न कसं जुळलं? याच्या मयताला कोण कोण आलं? रिव्हर्सनी बेटावरच्या बहुतेक सगळ्या कुटुंबांच्या वंशावळी लिहिल्या आणि एकाने सांगितलेलं दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून पाहिलं. माणसांना कित्येक पिढ्यांची नावं तोंडपाठ होती आणि ती जुळत होती. दृष्टीचा मूळ प्रश्न मागे पडला. 1900 मध्ये त्यांनी या पद्धतीवर लेख लिहिला, 1910 मध्ये ती आणखी नेटकी मांडली. रिव्हर्स नुसती नावंच लिहीत; त्रिकोण-वर्तुळं पुढची.

आता खोट सांगतो. ‘जिच्या पोटी जन्मलास तीच ना?’ या प्रश्नात एक गृहीतक दडलं आहे: खरं नातं ते जन्माचं, बाकीचं त्यावर चढवलेलं. मेरवरच ते अडखळलं. तिथे मुलं दत्तक देण्याघेण्याची चाल सर्रास होती. मामाकडे, मावशीकडे, स्नेह्याकडे वाढलेल्या मुलाला आपले जन्मदाते कोण हे बहुधा सांगतच नसत, आणि चारचौघांत ते बोलणं गैर मानत. रिव्हर्सच्या लेखी ही माहितीच्या शुद्धतेतली अडचण होती. बेटावरच्यांच्या लेखी तीच घराची रीत होती.

1901-02 च्या सुमारास रिव्हर्स निलगिरीत तोडा लोकांकडे आले तेव्हा हे प्रकरण आणखी रंगलं. म्हशी पाळणारा हा छोटा समाज. मेलेल्या नातलगाचं नाव उच्चारायचं नाही, असा त्यांचा दंडक. म्हणजे वंशावळ लिहिणाऱ्याच्या वाटेवर धोंडच. (नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय न घेणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांसमोर वही घेऊन कुणी बसलं असतं, तर त्याची गतही फार वेगळी झाली नसती.) रिव्हर्सनी एकाच्या घरची नावं दुसऱ्याकडून मिळवली. त्याहून मोठा पेच बापाचा होता. तोडांमध्ये एका स्त्रीचं लग्न सख्ख्या भावाभावांशी मिळून होई. मग मूल कुणाचं?

त्याचं त्यांचं उत्तर असं. बाईला सातवा महिना लागला की सगळे रानात जातात. एका झाडाच्या बुंध्यात कोनाडा कोरून त्यात दिवा ठेवतात. नवरा विशिष्ट झाडाच्या काटकीचं लहानसं धनुष्य आणि गवताच्या काडीचा बाण करून आणतो आणि बायकोच्या हाती देतो. ती तो कपाळाला लावते आणि दिव्याकडे बघत बसते, तो विझेपर्यंत. ज्याने धनुष्य दिलं तो बाप. बहुतेक वेळा थोरला भाऊ. पुढे दुसऱ्या कुणी धनुष्य देईपर्यंत होणारी सगळी मुलं त्याचीच. तो मेला तरी त्याचीच. मरून कित्येक वर्षं झालेल्या माणसाच्या नावावर मूल लागल्याचं रिव्हर्सनी नोंदवलं आहे. ‘खरा बाप कोण’ या प्रश्नाला तोडांकडे स्वच्छ उत्तर होतं, फक्त ते रक्तातून आलेलं नव्हतं. हे सगळं जसंच्या तसं लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा रिव्हर्सकडे होता. 1906 मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकाचं वजन मला त्यामुळेच वाटतं.

इथून ही रीत मराठी माणसांच्या हाती आली, आणि तीही थेट गुरूकडून. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजला रिव्हर्सपाशी शिकले. 1922 मध्ये रिव्हर्स अचानक गेले, तेव्हा घुर्यांनी आपला प्रबंध हॅडनच्या देखरेखीखाली पुरा केला. मुंबई विद्यापीठात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या इरावती कर्वे बर्लिनला जाऊन कवट्यांच्या मोजमापावर डॉक्टरेट करून आल्या आणि 1939 पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. मोजमापाची अवजारं घेऊन त्या देशभर फिरल्या, पण त्यांचं मोठं काम नात्यांवरचं. 1953 मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार पट्टे त्यांनी मांडले. उत्तरेत मुलगी लांबच्या, अनोळखी घरी जाते. दक्षिणेत ती बहुधा ओळखीच्याच उंबऱ्यातून आत जाते. सासू ही आधीपासून आत्या किंवा आजी असते. महाराष्ट्र मधला.

हा मधलेपणा आकृतीवर कसा दिसतो ते बघा. देशावरच्या कितीतरी जातींत मामाची मुलगी करतात, आत्याची करत नाहीत. देशस्थ ऋग्वेद्यांत मामेबहीण चालते, कोकणस्थांत चालत नाही. आता अशा एखाद्या घराची आकृती मांडा. एक वर्तुळ काढा, त्यातून मुलाकडे रेघ न्या. त्या मुलाच्या शेजारी बरोबरच्या चिन्हाने सून जोडा. सुनेच्या वडिलांचा त्रिकोण काढा आणि त्याला भावंडांच्या आडव्या रेघेने जोडायला जा. रेघ पुन्हा त्या पहिल्याच वर्तुळावर येऊन टेकते. सुनेची सासू हीच तिच्या वडिलांची बहीण. सासूला ‘आत्याबाई’ म्हणण्याची आपल्याकडची पद्धत कुठल्या घडीतून आली असेल, ते कागदावर डोळ्यांना दिसतं. आज ज्या घरांत मामेबहिणीशी लग्न स्वप्नातही येत नाही, तिथेही कालपरवापर्यंत सुना आत्याबाई म्हणत होत्या. लग्नाचा नियम मागे पडला, हाक राहिली.

पण खोट तशीच होती. 1984 मध्ये डेव्हिड श्नायडर या अमेरिकी अभ्यासकाने ती चव्हाट्यावर मांडली. प्रशांत महासागरातल्या याप बेटावर तो राहिला होता. तिथे बाप-लेक हे नातं जमीन आणि त्या जमिनीपायी केलेली सेवा यांवर उभं असतं. त्याचं म्हणणं, रक्त हीच नात्याची खरी गाठ ही पाश्चात्त्यांची घरगुती समजूत, आणि तुम्ही ती आकृतीच्या पोटात घालून जगभर नेली. मला श्नायडर अर्धा पटतो. गृहीतकाबद्दल त्याचं बरोबर आहे. पण आकृती टाकून द्यावी, हे पटत नाही. तोडांच्या धनुष्याचा अर्थ रिव्हर्सना कळला तो बापाच्या रेघेपाशी अडल्यामुळेच. रेघच ओढली नसती तर अडायचं कुठे?

रिव्हर्सच्या मेरवरच्या त्या कागदांना पुढे न्यायालयात जावं लागलं. मेरवर 1936 मध्ये एक मुलगा जन्मला. आई बाळंतपणातच गेली आणि त्याला त्याच्या मामाने, बेनी माबोने, आपला म्हणून वाढवलं. हा एडी माबो. 1879 मध्ये ब्रिटिशांनी बेट क्वीन्सलँडला जोडलं आणि त्यांच्या कायद्याने तिथली जमीन राणीची झाली. 1982 मध्ये माबो आणि त्याच्या साथीदारांनी दावा लावला की ही जमीन आमची आहे, पिढ्यान्पिढ्या. पिढ्या दाखवायला हॅडनच्या मोहिमेच्या अहवालाचे खंड आणि रिव्हर्सच्या वंशावळी पुराव्यात आल्या. राज्य सरकारच्या वकिलांनी नेमकं जुन्या दुखण्यावर बोट ठेवलं: बेनीने याला खरंच दत्तक घेतलं होतं का? तथ्यं तपासणाऱ्या न्यायाधीशांनी 1990 मध्ये माबोचा वैयक्तिक वारसा मान्य केला नाही. 21 जानेवारी 1992 ला माबो कर्करोगाने वारला. त्याच वर्षी 3 जूनला ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, जे तिथलं सर्वांत वरचं न्यायालय आहे, मेरच्या लोकांचा जमिनीवरचा परंपरागत हक्क मान्य केला. गोरे आले तेव्हा ही भूमी कुणाच्याच मालकीची नव्हती, हा सिद्धान्त त्या निकालाने मोडीत निघाला.

मामाने वाढवलेल्या मुलाचा प्रश्न तरीही सुटला नव्हता. जन्मदाखल्यावर एक आईबाप, घरात दुसरे, ही टॉरेस सामुद्रधुनीतल्या कुटुंबांची परवड चालूच राहिली. शाळेचा दाखला असो, पासपोर्ट असो, वारसा असो, दर ठिकाणी खुलासा. 2020 मध्ये क्वीन्सलँडच्या विधिमंडळाने त्यासाठी वेगळा कायदा केला. त्याच्या नावाचे पहिले शब्द बेटांवरच्या भाषांतले आहेत. त्या रीतीने वाढलेल्या मुलाला आता अर्ज करून नवा जन्मदाखला मिळतो, आणि त्यावर ज्यांनी वाढवलं त्यांची नावं आईवडील म्हणून येतात.