शिअरिंग, जॉर्ज

(१३ ऑगस्ट १९१९–१४ फेब्रुवारी २०११). इंग्लंडमध्ये जन्मलेला व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला विख्यात जॅझ पियानोवादक, वृंदप्रमुख व स्वररचनाकार. संपूर्ण नाव जॉर्ज ॲल्बर्ट शिअरिंग. पियानो, व्हायब्राफोन आणि गिटार यांच्या एकजीव स्वरमेळावर आधारलेली वादनशैली त्याने १९४९ मध्ये प्रस्थापित केली. ती ‘शिअरिंग साउंड’ या नावाने ओळखली जाते. केवळ ध्वनिमुद्रिका ऐकून जॅझ शिकलेल्या ब्रिटिश वादकांपैकी अमेरिकेत स्वतःचे स्वतंत्र स्थान निर्माण करणाऱ्यांत त्याची गणना अग्रक्रमाने होते. अनुकरणातून स्वतःचा नाद शोधणे आणि पुढे त्याच नादाच्या लोकप्रियतेतून स्वतःला सोडवून घेणे, असे त्याच्या कारकीर्दीचे दोन प्रमुख टप्पे दिसतात.

शिअरिंगचा जन्म लंडनच्या बॅटरसी या कष्टकरी वस्तीत झाला. नऊ भावंडांत तो सर्वांत धाकटा व जन्मांध होता. वडील घरोघर कोळसा पोहोचविण्याचे काम करीत, तर आई दिवसा मुलांचे पाहून रात्री आगगाडीचे डबे स्वच्छ करण्यास जात असे. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून तो पियानोवर सूर जुळवू लागला. लिंडन लॉज या अंधशाळेत त्याने चार वर्षे संगीताचे शिक्षण घेतले. पुढील शिक्षणासाठी त्यास शिष्यवृत्त्या देऊ करण्यात आल्या होत्या. तथापि घरच्या गरिबीमुळे त्या नाकारून तो सोळाव्या वर्षी लँबेथ भागातील ‘मेसन्स आर्म्स’ या मद्यगृहात आठवड्याला २५ शिलिंग वेतनावर पियानो व ॲकॉर्डियन वाजवू लागला. त्याचे औपचारिक शिक्षण येथेच संपले.

यानंतर लवकरच तो क्लॉड बॅम्प्टन याच्या अंध वादकांच्या वाद्यवृंदात सामील झाला. या वृंदातील सहकाऱ्यांमुळे त्यास अमेरिकन जॅझच्या ध्वनिमुद्रिका ऐकावयास मिळाल्या. टेडी विल्सन, फॅट्स वॉलर व आर्ट टेटम या पियानोवादकांची शैली त्याने कानांनी आत्मसात केली. ही शिक्षणपद्धती त्याच्या अंधत्वामुळे पतकरावी लागली असे वरवर पाहता वाटते. परंतु त्या काळातील डोळस ब्रिटिश वादकांचीही स्थिती फारशी वेगळी नव्हती. ब्रिटिश वादकांच्या रोजगाराचे रक्षण करण्यासाठी संगीतकारांच्या संघटनेने धरलेल्या आग्रहामुळे ब्रिटनच्या श्रममंत्रालयाने १९३५ पासून अमेरिकन वाद्यवृंदांना परवाने देणे जवळजवळ बंद केले. हे निर्बंध वादकांच्या देवघेवीच्या तत्त्वावर १९५६ मध्ये शिथिल झाले. परिणामतः सुमारे दोन दशके ब्रिटिश वादकांची एक संपूर्ण पिढी अमेरिकन जॅझ प्रत्यक्ष क्वचितच ऐकू शकली. ध्वनिमुद्रिकेची तबकडी हाच तिचा गुरू ठरला.

जॅझवर लिहिणारा तरुण समीक्षक लेनर्ड फेदर याने शिअरिंगचे गुण हेरले. त्याच्या साहाय्याने १९३७ मध्ये शिअरिंगचे पहिले ध्वनिमुद्रण झाले व बीबीसीवरून वादनाची संधीही त्यास मिळाली. या काळातील त्याच्या वादनात ब्लूज व बुगीवुगी यांचा वाटा मोठा होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गीतपरंपरेतून आलेल्या ब्लूजची रचना सामान्यतः बारा मात्रागटांच्या आवर्तनात बांधलेली असते. त्याच आवर्तनावर डाव्या हाताने एकच ठेका अखंड फिरवीत ठेवून उजव्या हाताने तालबद्ध स्वरवाक्ये वाजविणे म्हणजे बुगीवुगी. १९३९ मध्ये त्याने ॲकॉर्डियनवर वाजविलेली स्क्वीझिंग द ब्लूज ही रचना या अभ्यासाचीच साक्ष होय. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा इंग्लंडच्या दौऱ्यावर असलेला फ्रेंच व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली लंडनमध्येच राहिला. त्याच्यासमवेत शिअरिंगने युद्धकाळात अनेक कार्यक्रम केले. १९४० मध्ये तो क्लॅरिनेटवादक हॅरी पॅरी याच्या वृंदातही दाखल झाला. मेलडी मेकर या संगीतविषयक साप्ताहिकाच्या वाचकांनी त्यास लागोपाठ सात वर्षे ब्रिटनमधील सर्वश्रेष्ठ जॅझ पियानोवादक ठरविले.

एवढे यश पदरी असताना १९४७ मध्ये तो अमेरिकेत स्थलांतरित झाला. न्यूयॉर्कमध्ये त्याच्यासमोर एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. लंडनमध्ये टेटम व विल्सन यांची हुबेहूब आठवण करून देणारा वादक म्हणून त्याचे कौतुक होत असे. परंतु न्यूयॉर्कच्या ५२ व्या रस्त्यावर एकमेकांना लागून असलेल्या जॅझगृहांत मूळ वादकच ऐकावयास मिळत असल्यामुळे अनुकरणाला तेथे किंमत नव्हती. शिअरिंगला पुन्हा मध्यंतरात वाजविणारा दुय्यम वादक म्हणून सुरुवात करावी लागली. ‘हिकरी हाउस’सारख्या ठिकाणी वादन करीत असतानाच तो चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी व बड पॉवेल यांनी घडविलेल्या ‘बीबॉप’ या नव्या, द्रुत व गुंतागुंतीच्या जॅझप्रकाराचा बारकाईने अभ्यास करू लागला. पुढे त्याने क्लॅरिनेटवादक बडी डीफ्रँको याच्याबरोबर चार जणांचा वृंद उभारला. मात्र दोघेही निरनिराळ्या ध्वनिमुद्रण-संस्थांशी करारबद्ध असल्याने त्यांना एकत्र ध्वनिमुद्रण करता येईना.

ही अडचणच नव्या शैलीच्या जन्मास निमित्त ठरली. १९४९ च्या प्रारंभी शिअरिंगने क्लॅरिनेटऐवजी व्हायब्राफोन व गिटार घेऊन पाच जणांचा वृंद सिद्ध केला. त्यात मार्जी हायम्स (व्हायब्राफोन), चक वेन (गिटार), जॉन लेव्ही (बास) व डेन्झिल बेस्ट (ड्रम) हे वादक होते. पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वर एकाच वेळी वाजवून जो स्वरसमूह साधतात, त्यास कॉर्ड म्हणतात. शिअरिंग चालीतील प्रत्येक स्वराखाली उजव्या हाताने असा दाट स्वरसमूह रचीत असे आणि चालीचा तोच स्वर डाव्या हाताने एक सप्तक खाली वाजवीत असे. दोन्ही हात जणू एकमेकांना जखडल्याप्रमाणे जोडीने सरकत असल्यामुळे या पद्धतीस ‘लॉक्ड हँड्स’ असे नाव मिळाले. तिचे मूळ लायनल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदातील पियानोवादक मिल्ट बकनर याच्या वादनात होते. ग्लेन मिलरच्या वाद्यवृंदातील सॅक्सोफोन-विभागाची स्वरमांडणीही शिअरिंगने डोळ्यांपुढे ठेवली होती. त्याची स्वतःची भर म्हणजे चालीचा वरचा स्वर व्हायब्राफोनकडे व खालचा स्वर गिटारकडे सोपविणे. धातूच्या पट्ट्यांची झंकार, तारांचा मृदू आघात व पियानोचा मध्यम स्वर एकमेकांत असे मिसळून जात, की वाद्ये वेगवेगळी ओळखता येऊ नयेत. बेस्टच्या ब्रशांनी धरलेल्या हलक्या ठेक्यामुळे हा परिणाम अधिकच गडद होई.

फेब्रुवारी १९४९ मध्ये या वृंदाने एमजीएम या संस्थेसाठी वाजविलेल्या सप्टेंबर इन द रेन या जुन्या चित्रपटगीताच्या ध्वनिमुद्रिकेचा खप नऊ लाखांहून अधिक झाला. बीबॉपमधील आधुनिक स्वरसंवाद सामान्य श्रोत्यास दुर्बोध वाटत होते. शिअरिंगने ते शांत लयीत व मृदू नादात मांडून सहज ग्राह्य केले. मात्र यावरून त्याचे संगीत केवळ सुलभीकरण होते असे म्हणता येत नाही. त्याची कन्सेप्शन ही रचना बीबॉप परंपरेतील अवघड रचनांपैकी एक असून माइल्स डेव्हिससारख्या वादकाने ती १९५१ मध्ये ध्वनिमुद्रित केली. तत्पूर्वी १९५० मध्ये डेव्हिसच्या नऊ जणांच्या वृंदाने वाजविलेली डिसेप्शन ही रचनाही तिच्यावरच आधारलेली होती.

पंचवादक वृंदाची घडणही सामाजिक दृष्ट्या लक्षणीय होती. लेव्ही व बेस्ट हे कृष्णवर्णीय, वेन व स्वतः शिअरिंग गौरवर्णीय, तर हायम्स ही स्त्री. अमेरिकेत वर्णविभाजन रूढ असताना आणि स्त्री-वादकांना जॅझवृंदांत क्वचितच प्रवेश मिळत असताना असा वृंद देशभर हिंडत होता. लेव्हीने १९५१ मध्ये वादन सोडून शिअरिंगच्या व्यवस्थापनाचे काम पूर्णवेळ पतकरले. जॅझक्षेत्रातील अग्रगण्य कृष्णवर्णीय व्यवस्थापक म्हणून पुढे तो प्रसिद्धीस आला. गायिका नॅन्सी विल्सन व सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली यांच्या कारकीर्दीही त्याने सांभाळल्या.

शिअरिंगची सर्वाधिक गाजलेली रचना म्हणजे ललबाय ऑफ बर्डलंड (१९५२). पार्करच्या टोपणनावावरून नाव दिलेल्या ‘बर्डलंड’ या न्यूयॉर्कमधील जॅझगृहाचा मालक मॉरिस लेव्ही याने तेथून प्रसारित होणाऱ्या नभोवाणी-कार्यक्रमासाठी ती करवून घेतली. शिअरिंगच्याच सांगण्यानुसार ती त्यास जेवता जेवता अवघ्या दहा मिनिटांत सुचली. जॉर्ज डेव्हिड वाइस याने तिला शब्द दिले व सारा व्हॉन या गायिकेच्या १९५४ मधील ध्वनिमुद्रणाने ती गीत म्हणूनही रूढ झाली. कादंबरीकार जॅक केरुअ‍ॅक याच्या ऑन द रोड (१९५७) या कादंबरीत शिअरिंगच्या वादनाचे वर्णन आले असून, तत्कालीन तरुण पिढीवरील त्याचा प्रभाव त्यावरून ध्यानात येतो.

१९५६ मध्ये शिअरिंगने अमेरिकन नागरिकत्व स्वीकारले. तत्पूर्वी १९५५ मध्ये तो कॅपिटल या ध्वनिमुद्रण-संस्थेकडे आला व १९६९ पर्यंत तेथेच राहिला. हा त्याच्या आर्थिक यशाचा काळ होय. पेगी ली हिच्याबरोबर (१९५९) व नॅट किंग कोल याच्याबरोबर (१९६२) केलेल्या ध्वनिमुद्रिका विशेष लोकप्रिय झाल्या. क्यूबन तालवादक आर्मांडो पेरासा याच्या साहाय्याने त्याने लॅटिन अमेरिकन लयींचाही वृंदात समावेश केला. टूट्स थिलेमन्स, कॅल जेडर, गॅरी बर्टन व जो पास हे पुढे नामवंत झालेले वादक निरनिराळ्या काळी त्याच्या वृंदात होते. तथापि व्हायोलिनसमूहाच्या साथीने काढलेल्या व्हेल्व्हेट कार्पेट (१९५६) यांसारख्या ध्वनिमुद्रिकांमुळे त्याचे संगीत जॅझ न राहता निव्वळ पार्श्वसंगीत बनत असल्याची टीका होऊ लागली. या टीकेत तथ्य होते. श्रोत्यांना प्रत्येक कार्यक्रमात तोच परिचित नाद हवा असे आणि उत्स्फूर्तता हा प्राण असलेल्या कलेत तीच मांडणी वर्षानुवर्षे वाजविणे वादकास जाचक ठरते. ज्या शोधाने त्यास अनुकरणातून मुक्त केले, त्याचेच अनुकरण आता त्यास स्वतःला करावे लागत होते.

शिअरिंगलाही याची जाणीव होती. १९७६ मध्ये ग्रापेलीसमवेत त्याने पुन्हा एकवार ध्वनिमुद्रण केले आणि १९७८ मध्ये सुमारे एकोणतीस वर्षे चाललेला पंचवादक वृंद त्याने विसर्जित केला. यानंतर तो मुख्यतः एकल वा केवळ एका बासवादकाच्या साथीने वाजवू लागला. मोठ्या वृंदाची चौकट दूर झाल्यामुळे त्याच्या स्पर्शातील सूक्ष्मता, युरोपीय अभिजात संगीताचा व्यासंग व ब्लूजची जुनी जाण पुन्हा प्रकट झाली. मॅरियन मॅक्पार्टलंड या मूळच्या इंग्रज पियानोवादिकेबरोबर १९८१ मध्ये त्याने द्विपियानोवादन ध्वनिमुद्रित केले. गायक मेल टोर्मे याच्याबरोबरची त्याची भागीदारी तर या उत्तरकाळातील सर्वांत फलदायी होय. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांसाठी टोर्मेला १९८३ व १९८४ अशी लागोपाठ दोन वर्षे ग्रॅमी पारितोषिके मिळाली.

मायदेशाने त्याची दखल उशिरा घेतली. १९९३ मध्ये त्यास आयव्हर नॉव्हेलो जीवनगौरव पुरस्कार मिळाला. १९९६ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ व २००७ मध्ये ‘सर’ हे किताब देऊन त्याचा गौरव करण्यात आला. ललबाय ऑफ बर्डलंड याच नावाने त्याचे आत्मचरित्र २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी घरात पडून झालेल्या दुखापतीनंतर त्याने जाहीर वादन थांबविले. न्यूयॉर्क येथे वयाच्या ९१ व्या वर्षी तो निधन पावला.

ब्रिटिश जॅझच्या इतिहासात शिअरिंगचे स्थान काहीसे वादग्रस्त आहे. त्याची कीर्ती झाली ती अमेरिकेत. ब्रिटनमध्ये राहून स्वतंत्र जॅझपरंपरा घडविण्याचे श्रेय स्टॅन ट्रेसी (१९२६–२०१३) याच्यासारख्या पियानोवादकांकडे जाते. लंडनच्या रॉनी स्कॉट क्लबात १९६० ते १९६७ या काळात अमेरिकन पाहुण्या वादकांना साथ करीत ट्रेसीने आपली शैली घडविली. ही संधी निर्बंध उठल्यामुळेच त्यास लाभली. शिअरिंगच्या पिढीसमोर तबकडी ऐकणे किंवा देश सोडणे एवढेच पर्याय होते. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकून वाढलेला हा वादक पुढे इतरांनी ज्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकून शिकावे असा ठरला, यातच त्याच्या कर्तृत्वाचे ऐतिहासिक महत्त्व आहे.