२६२ पैकी ४७: फर्स्ट मिनेसोटा पलटणीचा एक आकडा आणि त्याचा छेद

अमेरिकेच्या यादवी युद्धाबद्दल काहीही वाचायला घ्या, गेटिसबर्गच्या लढाईपाशी एक गोष्ट हमखास भेटते. २ जुलै १८६३ च्या संध्याकाळी फर्स्ट मिनेसोटा या पायदळ पलटणीचे २६२ जण चढाईला गेले, २१५ पडले, ४७ उरले. म्हणजे ८२ टक्के. मराठीत ही गोष्ट सांगताना काही जण तर ‘८२ टक्के सैनिक मारले गेले’ असंही लिहितात. ते सपशेल चूक आहे, कारण इंग्रजीतल्या ‘कॅज्युअल्टी’ या शब्दात मेलेले, घायाळ आणि बेपत्ता असे तिघेही येतात. पण ती चूक बाजूला ठेवली तरी ८२ हा आकडा बरोबर आहे का, हा प्रश्न उरतोच. मी मूळची विज्ञानशाखेची, त्यामुळे टक्केवारी दिसली की पहिला प्रश्न मनात येतो: छेद काय घेतलाय?

आधी पलटणीची ओळख करून घेऊ. मिनेसोटा १८५८ मध्ये राज्य झालं आणि १८६० च्या जनगणनेत तिथे १,७२,०२३ माणसं होती. एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेने फोर्ट सम्टर घेतला तेव्हा या राज्याचे गव्हर्नर अलेक्झांडर रॅम्झी योगायोगाने वॉशिंग्टनमध्ये होते. १४ एप्रिलला त्यांनी युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन यांना गाठून एक हजार माणसं देऊ केली. त्यामुळे स्वयंसेवक देऊ करणारं पहिलं राज्य हा मान मिनेसोटाला मिळाला. २९ एप्रिलला फोर्ट स्नेलिंग इथे पलटण नोंदली गेली. सुरुवातीची भरती तीन महिन्यांची होती. मग सरकारने तीन वर्षांची अट घातली, तेव्हा काही जण घरी गेले आणि त्यांच्या जागी नवे आले. ही बारीकशी बाब लक्षात ठेवा. पलटण म्हणजे ठरलेल्या हजार माणसांचा गठ्ठा नसतो. माणसं येतात, जातात, आजारी पडतात, दुसऱ्या कामावर पाठवली जातात. तुम्ही कोणत्या दिवशी मोजता, त्यावर संख्या ठरते.

पहिली मोठी लढाई २१ जुलै १८६१ ची, बुल रन. हेन्री हिलवर रिकेट्सच्या तोफखान्याजवळ ही पलटण उभी होती. दोन्हीकडच्या गणवेशांचा तेव्हा मेळ बसलेला नव्हता, समोरचा आपला की शत्रू हे कळायलाच वेळ गेला. एका दुपारीत साधारण १८० जण गेले, घायाळ झाले किंवा हरवले. पुढे १८६२ मध्ये व्हर्जिनियातली द्वीपकल्पाची मोहीम झाली आणि सप्टेंबरात अँटीटम. अँटीटमला ही पलटण सेजविकच्या डिव्हिजनमध्ये होती. त्या डिव्हिजनचे दोन हजारांहून जास्त हताहत वेस्ट वूड्समध्ये जेमतेम वीस मिनिटांत झाले. डिसेंबरमध्ये फ्रेडरिक्सबर्ग. याच वर्षी खुद्द मिनेसोटात डकोटा लोक आणि अमेरिकन सरकार यांच्यात युद्ध पेटलं आणि २६ डिसेंबर १८६२ ला मँकेटो गावात ३८ डकोटांना एकाच वेळी फाशी दिली गेली. ही पलटण तेव्हा पूर्वेकडे होती. पण राज्याच्या इतिहासात शौर्याची गोष्ट आणि ही गोष्ट वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली जाते, हे वाचताना जाणवत राहतं.

आता गेटिसबर्ग. पलटणीचे कर्नल विल्यम कोल्विल यांना तिथे येतानाच्या कूचमध्ये अटक झाली होती. कारण काय, तर एक ओढा ओलांडताना सगळ्यांनी पाण्यातून जायचा हुकूम असताना त्यांची काही माणसं ओंडक्यावरून गेली. लढाईच्या तोंडावर त्यांना मोकळं केलं. २ जुलैच्या दुपारी सिकल्सचा तिसरा कोअर ठरलेली ओळ सोडून पुढे गेला, मार खाऊन मागे आला, आणि उत्तरेच्या ओळीत मोठी फट पडली. त्या फटीकडे विल्कॉक्सची अलाबामा ब्रिगेड येत होती, म्हणजे पाच पलटणी. जनरल हॅन्कॉक यांच्या हाताशी त्या क्षणी एकच छोटी पलटण होती. कुमक पोचायला पाच मिनिटं हवी होती. त्यांनी कोल्विलना समोरचे झेंडे दाखवले आणि ते घ्यायला सांगितलं. पलटण उतारावरून प्लम रन ओढ्यापर्यंत धावत गेली, तिथे अलाबामाची पहिली ओळ मागे रेटली आणि वेळ मिळवून दिला. कोल्विल स्वतः जबर जखमी झाले.

इथपर्यंत कुणाचं फारसं दुमत नाही. गोंधळ आकड्यांत आहे.

२६२ आणि २१५ हे आकडे लढाईच्या मैदानावर १८९७ मध्ये अर्पण झालेल्या स्मारकावर कोरलेले आहेत. १८९० मध्ये मिनेसोटा राज्याने आपल्या पलटणींचा इतिहास छापला, त्यातलं या पलटणीचं प्रकरण विल्यम लॉक्रन यांनी लिहिलं. ते त्याच पलटणीत अधिकारी होते, त्यामुळे साक्ष आतली आहे. पण ती २७ वर्षांनंतरची आहे. स्मारक सांगतं की आठ कंपन्यांचे २६२ जण गेले. उरलेल्या कंपन्या कुठे होत्या? सी कंपनी डिव्हिजनच्या मुख्यालयी पहाऱ्यावर होती, एफ कंपनी चकमकीसाठी बाजूला पाठवली होती, आणि नेमबाजांची एल कंपनी एका तोफखान्याबरोबर होती. म्हणजे २६२ हा संपूर्ण पलटणीचा छेद नाही, त्या चढाईचाच आहे. हे ठीक आहे, फक्त अंशही त्याच चढाईचा हवा.

तो तसा आहे का, ते साध्या बेरजेने तपासता येतं. तेच स्मारक पुढे सांगतं की दुसऱ्या दिवशी, ३ जुलैला पिकेटची चढाई परतवताना पलटणीचे आणखी १७ जण मेले किंवा जखमी झाले. २१५ अधिक १७ म्हणजे २३२. पण लढाईनंतरच्या अधिकृत तक्त्यात पलटणीची दोन्ही दिवसांची एकूण हानी अशी आहे: ५० मृत, १७३ घायाळ, १ बेपत्ता, एकूण २२४. आठचा फरक! १७ बरोबर धरले, तर २ जुलैची हानी २०७ च्या वर जात नाही. २१५ बरोबर धरले, तर ३ जुलैला नऊच उरतात. दोन्ही एकदम खरे असू शकत नाहीत, निदान त्या तक्त्यावर विश्वास ठेवायचा तर नाहीच.

छेदाचंही तसंच. गेटिसबर्गमधल्या प्रत्येक पलटणीची संख्या ठरवताना अभ्यासक मुख्यतः ३० जून १८६३ चे हजेरीपट वापरतात. दर दोन महिन्यांनी पगारासाठी हजेरी होत असे आणि नेमकी ती लढाईच्या आदल्या दिवशी पडली, हे आपलं नशीब. त्यातून आचारी, गाडीवाले, आजारी वगैरे वजा करत प्रत्यक्ष लढलेल्यांची संख्या काढतात. तशी काढलेली फर्स्ट मिनेसोटाची संख्या ३३० आहे. २२४ भागिले ३३० म्हणजे ६७.९ टक्के. तीच पलटण, तीच लढाई, आणि ८२ चे ६८ झाले.

यात कुणी खोटं बोललं असं मला वाटत नाही. पहिला आकडा एका चढाईचा, दुसरा संपूर्ण लढाईचा. पण पहिल्या आकड्यातला ‘४७’ मला खटकतो. २६२ वजा २१५ नेमके ४७ येतात, आणि गोष्टीत हे सगळे ४७ जण रांगेत उभे असल्याचं येतं. म्हणजे घायाळाला मागे घेऊन गेलेला, अंधारात वाट चुकलेला असा एकही माणूस नाही. संध्याकाळी धुरात खरोखर कुणी मोजून ४७ म्हटलं, की नंतर वजाबाकी करून लिहिलं? माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. प्रयोगशाळेत सगळी मापं एकमेकांशी इतकी चोख जुळली, तर आपण आधी वहीत मागे जाऊन बघतो की एखादं माप दुसऱ्यावरून काढलेलं तर नाही ना. इथेही तेच करायचं.

‘मग काय फरक पडतो, ६८ टक्केही भयंकरच’ असं कुणी म्हणेल. भयंकर आहेच. फरक तुलनेत पडतो. अँटीटमला दक्षिणेच्या फर्स्ट टेक्सस पलटणीची हानी ८२.३ टक्के सांगतात आणि दोन्ही पलटणींची नावं शेजारी शेजारी ठेवून ‘सर्वाधिक कोण’ ही शर्यत लावली जाते. एकीकडे एका चढाईचा छेद आणि दुसरीकडे अख्ख्या लढाईचा, तर ती तुलनाच नव्हे. सिनॉप्सिस लिहिताना तुम्ही दोन तक्ते शेजारी मांडाल, तेव्हा आधी दोन्हींची व्याख्या एका ओळीत लिहून काढा. ती ओळ लिहिता आली नाही, तर तक्ता मांडू नका.

पुढचा इतिहास थोडक्यात. ३ जुलैला कोल्विल यांच्या जागी आलेले कॅप्टन नेथन मेसिक मारले गेले. त्याच दिवशी मार्शल शर्मन या शिपायाने अठ्ठाविसाव्या व्हर्जिनिया पलटणीचा झेंडा हिसकावला आणि त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं. तो झेंडा अजून मिनेसोटात आहे. व्हर्जिनियाने मागूनही त्यांनी दिलेला नाही. ऑगस्टमध्ये सक्तीच्या भरतीविरुद्धच्या दंगलींनंतर पलटणीला न्यूयॉर्कला पाठवलं, ऑक्टोबरात ब्रिस्टो स्टेशनची लढाई झाली. तीन वर्षं भरल्यावर एप्रिल १८६४ मध्ये फोर्ट स्नेलिंगलाच पलटण मोडली. पुन्हा नाव घातलेल्यांची वेगळी बटालियन झाली आणि ती १८६५ पर्यंत लढत राहिली.

एकूण सेवेतले मृत्यू २८६. त्यांपैकी १८७ लढाईत किंवा जखमांनी, ९९ आजाराने. उत्तरेच्या सैन्यात एकंदरीत प्रमाण उलटं होतं, लढाईपेक्षा आजाराने जवळजवळ दुप्पट माणसं मेली. या पलटणीचं वेगळेपण मला ८२ टक्क्यांपेक्षा या दोन आकड्यांत जास्त दिसतं, कारण इथे अंश आणि छेद दोन्ही एकाच यादीतले आहेत. हजेरीपट कसा वाचायचा, त्यातले शेरे कसे उलगडायचे, ते पुढच्या लेखात.