बटाटा, कोटासकट

आमचा भाचा लीड्सहून सुट्टीवर आला तो बटाट्याची दीक्षा घेऊनच. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याने जाहीर केलं, "मामा, आज मामीला सुट्टी. आज मी जॅकेट पोटॅटो करणार." बटाट्याला तिकडे कोट असतो हे ऐकून मला आनंद झाला. लग्नातला सोडला तर कोट मी स्वतः अजून शिवलेला नाही.

चार दणदणीत बटाटे त्याने धुतले, काट्याने टोचले, वरून तेल-मीठ चोळलं आणि ओव्हनमध्ये ढकलले. पाऊण तास झाला, तास झाला, सव्वा तास झाला. त्या दिवशी एकादशी. आई सकाळपासून चहावर होती.

"काय रे, बटाटाच करतोयस ना? का पेरलायस?"

"आजी, घाई केली तर साल कुरकुरीत होत नाही."

"सालीचं काय करायचंय? ती आम्ही गुरांना घालायचो."

शेवटी बटाटे बाहेर आले. भाच्याने त्यांच्या पोटावर फुलीसारखा छेद दिला, आत लोणी सोडलं आणि वर डब्यातले टोमॅटोच्या रसातले घेवड्याचे दाणे ओतायला चमचा उचलला. इंग्लंडात म्हणे बटाट्यावर हेच घालतात. आईने ताट मागे ओढलं. "अरे मेल्या, कडधान्य! उपास मोडेल."

आता गंमत बघा. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि हा घेवडाही अमेरिकेतलाच. म्हणजे दोघे शेजारी. पण एकाला आमच्या उपासात मानाचं पान आणि दुसऱ्याला दारातसुद्धा उभं करत नाहीत. मग मी आईच्या ताटाची झडती घेतली. शेंगदाणा अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची, रताळंही तिकडचंच. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओकाही दक्षिण अमेरिकेचा. इतका परदेशी माल एकत्र पचवून पुण्य मिळवणारा उपास जगात दुसरा नसेल.

नावातही घोटाळाच आहे. कॅरिबियन बेटांवरचे लोक 'बटाटा' म्हणत ते रताळ्याला. पेरूच्या डोंगरातल्या बटाट्याचं खरं नाव 'पापा'. युरोपियनांनी दोन्ही कंद एकाच पोत्यात भरले आणि पोर्तुगीजांनी रताळ्याचं नाव बटाट्याला चिकटवून ते आपल्या किनाऱ्यावर उतरवलं. आम्ही ते तसंच ठेवलं.

भाजण्याची कलासुद्धा त्या डोंगरातलीच. अँडीज पर्वतात शेतातलीच ढेकळं रचून घुमटासारखी भट्टी करतात. तिला म्हणतात 'वातिया'. आत जाळ करून ढेकळं तापली की बटाटे टाकायचे आणि भट्टी वरून पाडून टाकायची. तापलेल्या मातीत बटाटे गाडले जातात आणि आपल्याच वाफेवर शिजतात. भांडं नको, घासायला नको. आणि वर काय घालतात? चिखल! थट्टा नाही. तिकडच्या रानटी, कडू बटाट्यांत थोडं विष असतं, आणि एका विशिष्ट मातीच्या पातळ चटणीत बुडवून खाल्लं की माती ते विष धरून ठेवते. बटाट्यावरची बहुधा सगळ्यांत जुनी चटणी हीच. तिच्यापुढे भाच्याचा घेवडा फारच सोवळा म्हणायचा.

युरोपने आधी बटाट्याला नाकं मुरडली. फ्रान्समध्ये तर याने महारोग होतो म्हणून 1748 साली त्यावर बंदीच घातली. ती उठायला 1772 उजाडावं लागलं.

पण भाजका बटाटा खरा रस्त्यावर आला तो लंडनमध्ये. हेन्री मेह्यू नावाच्या पत्रकाराने 1851 साली तिथल्या फेरीवाल्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात बटाटेवालेही आहेत, सुमारे तीनशे. ते बटाटे बेकरीच्या भट्टीतून भाजून आणत, हिरव्या बनातीत गुंडाळून. मग ते एका चार पायांच्या डब्यात ठेवत. खाली कोळसे, मध्ये उकळतं पाणी, बाजूला मीठ-लोण्याचे कप्पे, आणि वर वाफ सोडणारी नळी. म्हणजे चालतं इंजिनच. काही हौशींचे डबे पितळी, लखलखीत घासलेले. अर्ध्या पेनीला एक बटाटा. थंडीत गिऱ्हाईक तो आधी हात शेकायला धरी आणि मग खाई.

याच मेह्यूने एक गोष्ट सहज लिहून ठेवली आहे. आयरिश लोकांना हे बटाटे फार आवडतात, पण विक्रेते त्यांना कंटाळतात, कारण त्यांना डब्यातला सगळ्यांत मोठा बटाटा हवा असतो. वाचताना मी आधी हसलो. मग साल आठवलं. 1845 मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर करपा आला. गरिबांचं सगळं जेवण त्या एका पिकावर, तेही बहुतेक एकाच जातीच्या. पुढल्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि रोगाने गेली, आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्यांतली काही लंडनच्या त्या डब्यासमोर उभी असणार. त्यांनी मोठा बटाटा मागू नये तर कोणी मागावा?

मोठ्या बटाट्याचं भाग्य उजळलं ते अमेरिकेत. याकिमा खोऱ्यातले शेतकरी एकेक बटाटा सेर-सेराचा पिकवत, पण इतका मोठा बटाटा नीट शिजत नाही म्हणून डुकरांना घालत. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या भोजनडब्यांचा प्रमुख हेझन टायटस याने हे ऐकलं, मंद आचेवर बराच वेळ भाजून पाहिलं, आणि 1909 पासून गाडीत लोण्याच्या गोळ्यासह दहा सेंटला एक असा तो विकला. रेल्वेची जाहिरातच बटाट्यावर चालू लागली. आमच्या आगगाडीत अजून वड्याला आकार येईना!

तुर्कस्तानात इस्तंबूलच्या ओर्ताकॉय भागात तर बटाटा हे नुसतं निमित्त. आतला गर सालीतच लोणी आणि चीज घालून घोटायचा आणि वर मका, ऑलिव्ह, लोणची, सॉसेज, सॅलड असा डोंगर रचायचा. त्याला 'कुंपीर' म्हणतात. खाली बटाटा आहे हे विश्वासावर मानायचं.

हे सगळं मी आईला रंगवून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. तिचं माहेर अलिबागकडचं. "ती ढेकळांची भट्टी म्हणजे आमची पोपटीच की," ती म्हणाली. "मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा, खडेमीठ. मडकं शेतात उपडं घालून भोवती जाळ. आणि एरवी चुलीच्या राखेत एक बटाटा पुरायचा. शाळेत जाताना आई तो परकराच्या ओच्यात बांधून द्यायची. थंडी काय असायची तेव्हा! चटके बसायचे, पण सोडवत नसे."

"मग खायचीस कधी?" भाच्याने विचारलं.

"शाळेच्या दारात. सालीसकट."

"आणि गुरांना काय घालायचीस?"

यावर ती काही बोलली नाही. भाच्याने घेवडा न घातलेला बटाटा तिच्यापुढे केला. बाहेर थंडी चांगली पडली होती. तिने तो दोन्ही हातांत धरला आणि तशीच बसून राहिली.

"आजी, खा ना, गार होईल."

"खाते रे. जरा थांब. आणि तो तुझा घेवडा आत नेऊन ठेव आधी."